एकवीस अंकी संख्या आणि एक मठवासी धर्मगुरू : फादर मारँ मर्सेन (१५८८-१६४८)

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन आपण सारे भक्तिभावाने साजरा करतो. वांद्र्याच्या डोंगरावर त्या सुमारास भाविकांची रीघ लागते. याच तिथीला, सन १५८८ मध्ये, फ्रान्सच्या मेन प्रांतातील वाझे नावाच्या खेड्यात एका कष्टकरी कुटुंबात एक मूल जन्माला आले आणि त्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला. मारँ मर्सेन हे त्याचे नाव. पुढे हा मुलगा मठवासी धर्मगुरू झाला, आणि आज गणितात त्याचे नाव एका विशिष्ट जातीच्या संख्यांना जोडलेले आहे. आमच्या वाचकांपैकी जे विज्ञान शाखेत शिकले त्यांनी 'मर्सेन संख्या' हा शब्द कदाचित ऐकला असेल. परंतु हे मर्सेन रोज पहाटे उठून प्रार्थना करणारे आणि ख्रिस्तयाग अर्पण करणारे फादर होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मारँचे प्राथमिक शिक्षण ल माँ शहरात झाले. घरची परिस्थिती बेताची असूनही आईवडिलांनी त्याला शिकवायचे ठरविले. १६०४ साली येशूसंघीयांनी ला फ्लेश येथे नवीन विद्यालय उघडले तेव्हा तो तेथे दाखल झाला. तत्त्वज्ञ रने देकार्त हेही याच विद्यालयाचे विद्यार्थी. मात्र ते वयाने साडेसात वर्षांनी लहान, त्यामुळे दोघांची खरी मैत्री पुढे पॅरिसमध्येच जुळली. ला फ्लेश सोडल्यावर मर्सेन यांनी पॅरिसला सोरबोन येथे ईशज्ञानाचा अभ्यास केला आणि १६११ च्या जुलै महिन्यात मिनिम संघात प्रवेश घेतला.

या संघाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्या भागात तो फारसा परिचित नाही. इटलीतील कालाब्रिया प्रांतात जन्मलेले संत फ्रान्सिस ऑफ पावला (१४१६-१५०७) हे त्याचे संस्थापक. मिनिम म्हणजे सर्वांत लहान, सर्वांहून धाकटे. असिसीकर संत फ्रान्सिसच्या अनुयायांनी स्वतःला लहान बंधू म्हणवून घेतले होते. पावलाच्या फ्रान्सिसने आपल्या बंधूंना त्यांच्याहूनही लहान ठरविले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर ते चौथे व्रत घेत. ते होते वर्षभर उपवासकाळ पाळण्याचे. मांस, अंडी, दूध, लोणी, सर्व वर्ज्य. ज्याने स्वतःला सर्वांत लहान म्हणवून घेण्याचे व्रत घेतले, त्याचे नाव आज जगातील सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येला लाभले आहे. आम्हांला या योगायोगाचे नेहमी हसू येते, आणि कौतुकही वाटते.

पुढे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही वर्षे नव्हेर येथील मठात त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले. १६१९ मध्ये ते पॅरिसच्या मठात परतले. हा मठ तेव्हाच्या राजचौकाजवळ, आज ज्याला प्लास दे व्होज म्हणतात त्या चौकाशेजारी होता. तेथील एका लहानशा खोलीत त्यांनी उर्वरित आयुष्य काढले. मध्ये १६३० मधील हॉलंडचा प्रवास, १६४४-४५ मधील इटलीचा प्रवास आणि १६४६ मधील दक्षिण फ्रान्सची वारी, एवढाच काय तो अपवाद.

आरंभी त्यांची लेखणी वादासाठीच चालली. १६२३ साली त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर एक जाडजूड भाष्य प्रसिद्ध केले. त्यात नास्तिकांचा समाचार घेताना एकट्या पॅरिसमध्येच पन्नास हजार नास्तिक आहेत असा हिशेब त्यांनी मांडला होता. तो कुठून आणला कोण जाणे! पुढे ती पाने बहुतेक प्रतींतून काढून टाकण्यात आली. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण मोठी संख्या आत्मविश्वासाने सांगून मोकळे होण्याची ही त्यांची शेवटची वेळ नव्हती.

१६२५ च्या ग्रंथात मात्र एक वेगळे मर्सेन दिसतात. त्या काळी सुशिक्षित मंडळींमध्ये संशयवाद बोकाळला होता. इंद्रिये फसवितात, विद्वानांचे एकमत होत नाही, म्हणून माणसाला निश्चित असे काहीच कळू शकत नाही, अशी ती विचारसरणी. विज्ञानांचे सत्य हा विषय घेऊन लिहिलेल्या या हजार पानी ग्रंथात मर्सेन यांनी संशयवाद्याला उत्तर दिले, आणि ते उत्तर बव्हंशी अंकगणित व भूमिती यांतून दिले. वस्तूंचे अंतिम स्वरूप आपल्याला कळत नसेल, हे त्यांनी मान्य केले. पण बेरीज चुकली की बरोबर आली हे तर कळते ना? एवढ्या पायावरही मनुष्य प्रामाणिकपणे उभा राहू शकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. धर्मगुरूने गणिताचा आश्रय घ्यावा याचे आज कुणाला नवल वाटेल. सोळाशे पंचवीस सालच्या पॅरिसमध्ये तो श्रद्धेच्याच रक्षणाचा एक मार्ग होता.

हळूहळू वादविवाद मागे पडले आणि त्यांची खोली युरोपभरच्या विद्वानांचे टपालघर बनली. त्या वेळी विज्ञानाची नियतकालिके नव्हती. फर्मा तुलूझला, देकार्त हॉलंडला, टोरिचेली फ्लोरेन्सला. एकाचा शोध दुसऱ्याला कळावा कसा? तो मर्सेन कळवीत. त्यांचे अक्षर इतके वाईट होते की पत्र मिळालेले विद्वान हैराण होत, तरीही ते उत्तर देत. मृत्यूनंतर त्यांच्या खोलीत ७८ जणांची पत्रे सापडली. हा पत्रव्यवहार विसाव्या शतकात छापून पूर्ण व्हायला १९३२ ते १९८८ इतका काळ लागला आणि त्याचे सतरा खंड झाले. १६३५ पासून त्यांनी पॅरिसमध्ये गणितज्ञांची नियमित बैठकही सुरू केली. रोबर्वाल, गासेंदी, एत्येन पास्काल हे तिथे येत, आणि वडिलांबरोबर कोवळ्या वयाचा ब्लेझ पास्कालही येई. हॉलंडमधील प्रोटेस्टंट पंडित आंद्रे रिव्हे यांच्याशीही त्यांचा स्नेहाचा पत्रव्यवहार होता. धर्मयुद्धांनी पोळलेल्या त्या शतकात हे सोपे नव्हते.

गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला चालला. पुढच्याच वर्षी, १६३४ मध्ये, या आज्ञाधारक मठवासीयाने गॅलिलिओच्या यंत्रशास्त्राचे फ्रेंच रूपांतर प्रसिद्ध केले. सूर्यकेंद्री मताची बाजू त्यांनी उघडपणे घेतली नाही. पण त्या विद्वानाचे काम लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे यावर ते ठाम राहिले. १६४४-४५ मध्ये इटलीत असताना त्यांना टोरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीचा प्रयोग समजला. तो त्यांनी फ्रान्समध्ये आणला, आणि त्यातूनच पुढे पास्कालचे हवेच्या दाबाचे प्रसिद्ध प्रयोग उभे राहिले. १६३६-३७ मधील त्यांचा संगीतावरील महाग्रंथ तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ताणलेल्या तारेचा स्वर तिच्या लांबीवर, ताणावर आणि वजनावर कसा अवलंबून असतो याचे नियम त्यांनी त्यात मांडले. डोळ्यांना कंप मोजता यावेत म्हणून त्यांनी लांबच लांब तारा ताणून पाहिल्या. सहा स्वर दिले तर प्रत्येक स्वर एकदाच घेऊन किती चाली होतात? उत्तर ७२०, त्या सर्वच्या सर्व त्यांनी मांडून दाखविल्या.

त्यांच्यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. एकाचे पत्र दुसऱ्याला दाखविताना ते नेहमी परवानगी घेत नसत. देकार्त आणि फर्मा यांच्यात १६३७-३८ मध्ये जे कडाक्याचे भांडण जुंपले, त्याला या टपालघराचाही हातभार होता. पण भांडणाऱ्यांनाही नवीन प्रश्न हवे असत, आणि प्रश्न विचारण्यात मर्सेन यांचा हात कुणी धरू शकत नसे.

आता संख्यांकडे वळू. विभाजकांच्या बेरजेवरून पूर्ण संख्यांचे वर्ग पाडण्याची पद्धत प्राचीन ग्रीकांची. एखाद्या संख्येला ज्या लहान संख्यांनी नि:शेष भाग जातो त्यांची बेरीज करावी. बेरीज कमी पडली तर ती न्यून, जास्त झाली तर अधिक, आणि तंतोतंत जुळली तर परिपूर्ण संख्या. ८ चे विभाजक १, २, ४. बेरीज ७, म्हणून ८ न्यून. १२ चे १, २, ३, ४, ६. बेरीज १६, म्हणून १२ अधिक. ६ चे १, २, ३, बेरीज ६. ही परिपूर्ण. पुढच्या २८, ४९६ आणि ८१२८. संत ऑगस्टीनने सृष्टीच्या सहा दिवसांवर लिहिताना सहाच्या या गुणाचा उल्लेख केला आहे, आणि सृष्टी निर्माण झाली नसती तरीही सहा परिपूर्णच राहिला असता असेही त्याने सुचविले आहे. उत्पत्तीच्या भाष्यकाराला हा विषय जवळचा वाटावा यात आश्चर्य नाही.

मर्सेन यांनी हे कोडे पुढे नेले. विभाजकांच्या बेरजेत ती संख्या स्वतःही धरली, तर परिपूर्ण संख्येची बेरीज तिच्या दुप्पट होते. मग तिप्पट कुणाची होईल? १२० ची होते : ३६०. आणखी अशा शोधा, असे त्यांनी मित्रांना लिहिले. फर्मांनी ६७२ कळविली. होली क्रॉस मठाचे प्रायर आंद्रे ज्युमो यांनी १६३८ मध्ये ५,२३,७७६ शोधून काढली. देकार्त यांनी तर चौपट होणारी ३०,२४० सादर केली. १६४३ मध्ये मर्सेन यांनी फर्मांना विचारले की १,००,८९,५५,९८,१६९ ही संख्या मूळ आहे की संयुक्त? मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही अशी. फर्मांचे उत्तर आले : संयुक्त आहे, ८,९८,४२३ गुणिले १,१२,३०३, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. यंत्र नाही, तक्ता नाही. कागद, टाक आणि डोके, बस्स.

मर्सेन संख्या समजायला आपली बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट पुरेशी आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जावे. दोन घरांत मिळून ३ दाणे, तीन घरांत ७, पाचांत ३१, सातांत १२७. म्हणजेच दोनचा तितकावा घात उणे एक. या चारही संख्या मूळ आहेत. युक्लिडने दाखविले होते की अशी मूळ संख्या हाती लागली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनविता येते : ३ पासून ६, ७ पासून २८, ३१ पासून ४९६, १२७ पासून ८१२८. घरांची संख्या संयुक्त असली तर दाण्यांची संख्याही संयुक्तच होते. संपूर्ण पटाच्या चौसष्ट घरांतील १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाण्यांना पाचने भाग जातो हे शेवटचा अंक पाहूनच कळते. पण उलटे मात्र खरे नाही. अकरा ही मूळ संख्या. अकरा घरांतील दाणे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. मग कोणत्या मूळ घातांकाला मूळ संख्या मिळते? इटलीच्या कातालदी यांनी १७ आणि १९ तपासून बरोबर सांगितले होते, पण २३, २९ आणि ३७ च्या बाबतीत ते चुकले. ३७ चा निकाल फर्मांनी १६४० मध्ये लावला : त्या संख्येला २२३ ने भाग जातो. फर्मांना एक सुंदर नियम सापडला होता. घातांकाच्या दुपटीने भागल्यावर ज्यांची बाकी एक उरते, अशाच मूळ संख्या येथे भाग देऊ शकतात. बाकीच्या तपासण्याचे कारणच नाही. ३७ ची दुप्पट ७४. ७४ त्रिक २२२, अधिक एक, २२३.

या पार्श्वभूमीवर १६४४ मध्ये मर्सेन यांनी कोगिताता फिझिको-मॅथेमॅटिका हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत एक यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांनाच मूळ संख्या मिळते, बाकी सर्व संयुक्त, असे त्यांनी निःशंकपणे लिहिले. त्याच प्रस्तावनेत त्यांनी हेही म्हटले आहे की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही पुरणार नाही. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा? ६७ घातांकाची संख्या एकवीस अंकी आहे : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ती त्यांनी तपासली नव्हती, तपासणे शक्यच नव्हते. आम्हांला वाटते, संशयवाद्याला बेरजेच्या खात्रीने उत्तर देणाऱ्या माणसाने येथे त्या खात्रीची मर्यादा ओलांडली.

यादी चुकीची आहे हे पाहायला ते हयात नव्हते. १६४८ च्या उन्हाळ्यात देकार्तना भेटून परतल्यावर ते आजारी पडले. फुप्फुसात गळू झाले होते. शल्यवैद्याने छेद घेतला, पण तो गळवापर्यंत पोहोचला नाही. १ सप्टेंबर १६४८ रोजी, साठाव्या वाढदिवसाला एक आठवडा उरला असताना, त्यांनी देह ठेवला. मित्र आणि सहधर्मगुरू गासेंदी जवळ होते. आपले शरीर उघडून मृत्यूचे कारण शोधावे अशी इच्छा त्यांनी आधीच सांगून ठेवली होती, आणि त्याप्रमाणे करण्यात आले.

यादी मात्र जिवंत राहिली, आणि दोन शतकांहून अधिक काळ गणितज्ञांना तिने झोप येऊ दिली नाही. १७७२ मध्ये ऑयलर यांनी ३१ बरोबर असल्याचे सिद्ध केले. ती संख्या २,१४,७४,८३,६४७. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर ल्यूका यांनी एक नवी कसोटी काढली. तिच्याने १२७ चा दावा खरा ठरला. एकोणचाळीस अंकी ही संख्या पुढची पंचाहत्तर वर्षे जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. पण त्याच कसोटीने ६७ ची संख्या संयुक्त ठरली. गंमत अशी की संयुक्त आहे हे कळले, पण तिचे अवयव कोणते हे कळेना! १८८३ मध्ये रशियाच्या उराल भागातील एका खेड्यातले ऑर्थोडॉक्स धर्मगुरू इव्हान पेर्वुशिन यांनी दाखवून दिले की यादीत नसलेल्या ६१ ला मूळ संख्या मिळते : २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१. मग काहींनी तर्क केला की मर्सेन यांनी ६१ च लिहिले असावे आणि छापखान्यात त्याचे ६७ झाले. पॅरिसच्या फादरांची बाजू सावरण्यासाठी हा तर्क सोयीचा आहे खरा. पण १९११ आणि १९१४ मध्ये हौशी गणिती पॉवर्स यांनी ८९ आणि १०७ हेही सुटल्याचे दाखविले, तेव्हा सर्व दोष खिळे जुळविणाऱ्यावर टाकता येत नाही हे स्पष्ट झाले.

त्या एकवीस अंकी संख्येचे कुलूप ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये उघडले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे अवयव मांडले : १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. असे सांगितले जाते की कोल फळ्याजवळ गेले, एका बाजूला दोनचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार केला, दोन्ही उत्तरे जुळली, आणि एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. किती वेळ लागला असे पुढे विचारले असता त्यांनी तीन वर्षांचे रविवार असे सांगितल्याचीही आख्यायिका आहे. (रविवारच्या कामाबद्दल फादर मर्सेन त्यांना काय म्हणाले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.) फर्मांचा जुना नियम येथेही लागू पडतो : ६७ ची दुप्पट १३४, पहिल्या अवयवातून एक वजा करून १३४ ने भागा, बरोबर १४,४५,५८० येतात, बाकी शून्य.

२५७ देखील पुढे संयुक्तच निघाला. १९४७ मध्ये संपूर्ण यादीची तपासणी पूर्ण झाली तेव्हा हिशेब असा लागला : दोन घातांक चुकून आत आलेले, तीन चुकून बाहेर राहिलेले, अकराच्या जागी बारा हवे होते. पाच चुका असूनही गणितज्ञांनी या संख्यांचे नाव बदलले नाही. बरोबर यादी करण्यासाठी जे जे काही शोधावे लागले, ते ते या चुकीच्या यादीमुळेच शोधले गेले, हे त्यांना ठाऊक होते.

१९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक आपापले संगणक जोडून पुढील मर्सेन मूळ संख्या शोधत आहेत. ज्ञात असलेली बावन्नावी ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली. तिचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. एका पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांहून अधिक पाने होतील. अशा संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेले नाही.